आधी बोल, मग हार

चैत्र लागला की माझ्या बोटांना चैन पडत नाही. हसू नका, खरंच सांगते. शिरगावच्या नाक्यावर मोगऱ्याची टोपली दिसली, की अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागतात, मध्ये सुई असल्यासारखे. नवरा म्हणतो, तुला माळिणीचा जन्म घ्यायचा होता. त्याला काय ठाऊक. बदलापुरात, या शिरगावात संसार थाटून इतकी वर्षं झाली, पण माझा चैत्र अजून अंबरनाथच्या बुवापाड्यातूनच येतो, आणि येताना मोगरा घेऊनच येतो.

यंदा आमच्या सोसायटीनं जयंती करायची ठरवली. जयंती म्हटल्यावर कुणाची, हे आमच्यात विचारायचं नसतं. हाराचं काम कुणीही न सांगता माझ्याकडे आलं. मी सकाळी ओवून, पांढरी साडी नेसून, हार मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. पाहुण्या साहेबांची गाडी गेटात शिरली तसे आमचे सेक्रेटरी धावत आले, भला माणूस आहे बिचारा, आणि म्हणाले, ताई, हार द्या लवकर, फोटोवाला थांबलाय. मी म्हटलं, आधी बोलू द्या त्यांना. सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाईला ऊन लागलंय वाटतं.

ऊन लागलंच होतं म्हणा. पण ते फार जुनं होतं.

बुवापाड्यात तेव्हा सगळी पत्र्याची घरं. चैत्रात दुपारी पत्रे तापायचे आणि कडाकडा वाजायचे, मांजरंसुद्धा वर जायची नाहीत. गावात काडेपेटीचा कारखाना होता. आवारात काड्यांसाठी आणलेले सावरीचे ओंडके पडलेले असायचे, त्यांचा ओला आंबूस वास आणि गंधकाचा नाकात चढणारा वास, दोन्ही मिळून आमच्या वस्तीवर पसरायचे. पाहुणे नाकाला पदर लावायचे, आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. आणि अभिमान तर विचारू नका. गावाला गेलो, की चुलीपाशी ठेवलेली पेटी उचलून बघायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ही आमच्याकडची. अख्ख्या देशाची चूल आमच्या काडीनं पेटते, असं आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. दुसरे कारखाने असतील देशात, आम्ही ते मोजत नव्हतो.

त्या कारखान्यात पेट्या भरायच्या खात्यात कौसामावशी होती. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडची. मधली भिंत अशी, की तिकडे कढईत मोहरी तडतडली की इकडे आम्हाला भूक लागायची. नवरा लवकर गेला, एकुलत्या एक पोराला तिनं त्या पेट्या भरूनच वाढवलं. मावशी बुटकी, काटक, बोलायला कमी. हसायची तीही आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

जयंतीला हार ओवायचा मान आमच्या गल्लीत बायकांचा. आणि आमची एक रीत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आधी बोल, मग हार. झालं होतं असं, की फार पूर्वी एका वर्षी एक पुढारी आला, स्टेजवर चढला, हार घालून घेतला, फोटो काढून घेतला आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून उतरून चालायला लागला. भाषण नाही, काही नाही. बायकांनी पहाटेपासून खपून केलेला हार गाडीत बसून निघून गेला. तेव्हा कौसामावशीचे मालक हयात होते. त्यांनी तिथंच स्टेजसमोर ठरवून टाकलं, यापुढे जो येईल त्यानं आधी बोलायचं. जिनं हार ओवला तिनंच तो घालायचा, आणि बोलणं पटलं तरच घालायचा. आता पटलं तरच हे आपलं म्हणण्यापुरतं. कुणी कितीही पाल्हाळ लावलं तरी आम्ही हार घालायचो. आपल्या दारात आलेल्या माणसाला कोण रित्या गळ्यानं परत पाठवतं?

आणि मग तो चैत्र आला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी उल्हासनगरला एका ऑफिसात टायपिंगला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या वर्षी पाहुणा कोण, तर आमचाच दिनकरदादा, कौसामावशीचा मुलगा. विहाराच्या पायरीवर उभं राहून घसा ताणून भाषणं करणारा पोरगा मोठा होऊन निवडून आला होता, मग पक्षानं त्याला मुंबईला उचललं, कुठल्याशा महामंडळावर बसवलं. पांढरी गाडी आली. मुख्य म्हणजे बुवापाड्यात त्यानं नळ आणला. त्याआधी आम्ही कळशा घेऊन कुठकुठे फिरायचो ते आता सांगून खरं वाटायचं नाही. त्यामुळे दिनकरदादा येणार म्हटल्यावर गल्लीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

जयंतीच्या काही दिवस आधी पेपरात ती बातमी आली. दूर उत्तरेकडच्या एका राज्यात आपल्यासारख्या लोकांची एक वस्ती जाळली होती. पाण्यावरून भांडण झालं होतं. माणसं झोपड्यांत होती, पोरंबाळं होती. मी विहाराच्या पायरीवर बसून बातमी मोठ्यानं वाचली. त्या गावाचं नाव मला नीट वाचता येईना, मी अडखळले आणि तसंच पुढे गेले. बायका खिरीचे तांदूळ निवडत होत्या, सगळ्यांचे हात थांबले. मग कौसामावशीनं सुपातून मान वर न करता विचारलं, "काडी कुठली असंल गं?"

आम्हाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पेपराची घडी घातली. मी घाईघाईनं म्हटलं, मावशी, काडीचा काय दोष, आणि कारखाना काय देशात एकच आहे का. ती म्हणाली, खरंय तुझं, आणि परत खडे वेचायला लागली. पण ते तिच्या मनातून गेलं नाही. तिच्या शेजारी काम करणारी बाई नंतर सांगत होती, की मावशी भरलेली पेटी हातात धरून उगीचच बघत बसते, हलवते, मग ठेवते. जन्मभर तिनं त्या काड्या लोकांच्या चुली पेटाव्यात म्हणून भरल्या होत्या. अख्ख्या देशात आमची काडी जाते या बढाईची दुसरी बाजू तिच्याशिवाय आमच्यातल्या कुणालाच दिसली नव्हती.

तिनं एकच धरून ठेवलं. दिनू येतोय ना, तो बोलेल. मोठ्या लोकांत उठतो-बसतो, त्याचं ऐकतील. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, पण ती इतक्या विश्वासानं म्हणायची, की मलाही ते खरं वाटायला लागलं.

पताकांसाठी निळं कापड आणायला मी दरवर्षी उल्हासनगरच्या एका सिंधी सेठकडे जायचे. म्हातारा माणूस, टोपी, जाड भिंगांचा चष्मा, कापड फाडायच्या आधी बोटानं तीनदा चाचपणार. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, क्या हुआ बेटी, त्योहार है और मुँह उतरा हुआ. मी बातमी सांगितली. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "सिंध में हमारे टाइम भी यही था, बेटी. दूर के सब लोग बोलते थे, अपने इधर तो शांति है." आणि मापापेक्षा हातभर जास्तच कापड फाडून त्यानं घडी माझ्यापुढे सरकवली. निर्वासितांच्या जुन्या बराकींच्या रस्त्यानं परत येताना मला वाटलं, या माणसाला जे एका वाक्यात सांगता आलं ते दिनकरदादाला तर सहजच येईल.

फुलं बदलापूरकडच्या वाडीतून एक आगरी आते घेऊन यायची, डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं. त्या वर्षी हाराची पाळी खरं तर दुसरीची होती, ती मावशीनं मागून घेतली. पहाटे दारात बसून ती ओवत होती, मोगरा, मध्ये झेंडू, परत मोगरा. हार मांडीवरून ओघळून ओट्यावर आला तशी आते म्हणाली, एवरा मोठा हार कोनाला गो? मावशी खांदे हलवून हसली आणि म्हणाली, माझ्या लेकाला. उभा माणूस असेल तर गुडघ्यापर्यंत येईल असा हार होता तो. मोगऱ्यानं गंधकाचा वाससुद्धा त्या सकाळी मागे हटवला होता.

वंदना झाली. एका बाजूला पातेल्यात खीर रटरटत होती. दिनकरदादा आला, आधी आईपाशी येऊन वाकला, मग स्टेजवर चढला. काय आवाज होता हो त्याचा. आपला महाराष्ट्र, आपली ही माती, आपली लढणारी माणसं. एकेका वाक्याला टाळ्या पडत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या माझ्याही होत्या. अंगावर काटा येत होता. मग तो म्हणाला, असल्या गोष्टींना आपल्या महाराष्ट्रात थारा नाही. मी सरसावून बसले. म्हटलं, आता येतंय. पण असल्या म्हणजे कसल्या, ते काही त्याच्या तोंडून निघेना. तो त्या वस्तीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि वळून परत आमच्या अभिमानात जाऊन बसला. आणि शेवटी म्हणाला, अहो, आपल्या अंबरनाथची काडी अख्ख्या देशात जाते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मावशीकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत हार होता, टाळी वाजवायला हात मोकळा नव्हता, पण मोकळा असता तरी तिनं वाजवली नसती.

भाषण संपलं. रीत त्याला ठाऊकच होती, तो हसत मान वाकवून उभा राहिला. मावशी हार घेऊन स्टेजवर गेली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हार काही वर उचलला नाही. माईक चालूच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"दिनू, झालं तुझं बोलून?"

"झालं, आई."

"का राहिलंय काही?"

त्यानं मान वर केली. आई कशाबद्दल विचारतेय हे त्याला कळलं होतं, ते खालून आम्हालाही दिसलं. मागे त्याच्याबरोबर आलेले सफारी सुटातले दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. दिनकरदादाचा तो सगळा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. हळूच म्हणाला, "राहिलंय. पण आत्ता नाही."

"मग हार पण आत्ता नाही," मावशी म्हणाली. राग नाही, काही नाही, रोजच्या आवाजात. आणि वळता वळता, "जेवायला ये मात्र. वांगं केलंय."

मागच्या रांगेत कुणीतरी अवघडून हसलं. मला एकदम नळाची काळजी वाटायला लागली, उद्या पाणी यायचं ना म्हणून. आमच्या रीतीत न घातलेल्या हाराचं काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. मावशीनं तो घरी नेला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठाच्या शेजारी गारव्याला ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, तो नाही म्हणाला नाही, आत्ता नाही म्हणालाय.

आणि तो जेवायला आला बरं का. खीर द्यायला मी गेले तेव्हा मायलेक समोरासमोर बसले होते. सफारीवालेही पाटावर बसून वांग्याचा रस्सा ओरपत होते. दिनकरदादा आईला समजावत होता, की तिथंही आपलंच सरकार आहे, दिल्लीतही आपलंच, मी तोंड उघडलं तर मला घरी बसवतील, मग पुढची गटाराची कामं, दिव्याची कामं कोण करणार. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मावशीनं त्याला अजून एक भाकरी वाढली आणि म्हणाली, तुझ्या नळाचं पाणी पितोय आम्ही, नाही कशाला म्हणू. पण दिनू, पाण्यानं घसा ओला करतात तो बोलायलाच ना? त्यानं भाकरी मोडून खाल्ली. जाताना ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

मला महाराष्ट्राचा अभिमान नाही असं कुणी समजू नका. भरपूर आहे. कुणी परप्रांतातला पाहुणा आला की मी अंबरनाथचं जुनं शंकराचं देऊळ दाखवायला नेते, नवस बोलायला नव्हे, त्या दगडावरचं काम दाखवायला, आणि जसं काही माझ्याच पणज्यानं छिन्नी चालवली अशा थाटात बोलते. पण आपल्याकडे असं होत नाही हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. एक तर ते खरं नाही, आपल्याकडेही झालंय आणि होतं. आणि खरं असतं, तर मग ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी ओरडायला आपल्याइतकं मोकळं दुसरं कोण होतं? या पुढाऱ्यांना छाती फुगवायला कुणाला विचारावं लागत नाही, तोंड उघडायचं म्हटलं की मात्र दिल्लीला फोन लावायचा असतो. पक्ष कुठलाही घ्या, मी सगळ्यांची भाषणं ऐकली आहेत.

पण चिडून आयुष्य गेलं असं नाही झालं, आणि ते मावशीमुळेच. तिनं त्या गोष्टीचा त्रागा केला नाही. दिनकरदादा जयंतीच्या स्टेजवर परत आला नाही, पण आईकडे यायचा. पंखा आणला, चष्मा करून दिला. ती त्याच्या आवडीचं वांगं करायची. आणि दर चैत्रात, त्या वर्षीच्या पाहुण्याचा हार कुणीही ओवो, मावशी आपला एक वेगळा ओवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवायची. फुलं सुकली की मातीत घालायची, पुढच्या वर्षी परत नवा. माझं लग्न झालं, मी शिरगावला आले, तरी जयंतीला माहेरी जायचं चुकवलं नाही. पुढे जांभळं आली की बदलापूरची पहिली टोपली मी मावशीला नेऊन द्यायचे. दोघी ओट्यावर बसून खायचो आणि जीभ बाहेर काढून एकमेकींना दाखवायचो, कुणाची जास्त जांभळी. इतकं हसू यायचं, की आई भिंतीवर थाप मारून विचारायची, काय चाललंय गं तुमचं.

दर वर्षी तो हार मात्र थोडा आखूड व्हायचा. माझ्या ते लक्षात येत होतं. मला वाटायचं, मावशीची बोटं आखडली, डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नसेल. मी म्हणायचे, द्या मी ओवते. ती देत नसे.

हां, सोसायटीचं राहिलंच. साहेब यंदा बोलले, खूप बोलले. महाराष्ट्र झाला, माती झाली. देशात दुसऱ्या टोकाला जे चाललंय, ज्यावर आमच्या लिफ्टमध्येसुद्धा लोक बोलतात, त्याबद्दल चकार शब्द नाही. मी हार घेऊन बसल्या जागी बसून राहिले. सेक्रेटरींनी शाल घालून वेळ मारून नेली. हार सध्या आमच्या फ्रिजमध्ये आहे, भाजीच्या कप्प्यात, आणि नवऱ्याची तक्रार आहे की कोथिंबिरीला मोगऱ्याचा वास येतो.

तर नव्वदचं दशक संपता संपता दिनकरदादाला पक्षानं तिकीट नाकारलं. महामंडळ गेलं, पांढरी गाडी गेली. त्या जयंतीला तो स्टेशनवरून चालत आला, सगळ्यांना जयभीम घातला आणि सतरंजीवर लोकांत बसला. पाहुणे बोलले, त्यांना हार पडला. मग कुणीतरी म्हटलं, दिनकरदादा, तुम्ही पण दोन शब्द बोला. तो उठला. महाराष्ट्रापासून सुरुवात केली नाही त्यानं. त्या जळलेल्या वस्तीचं नाव घेतलं. इतकी वर्षं आमच्या कुणाच्या जिभेला जे नाव नीट आलं नव्हतं, ते त्यानं न अडखळता स्वच्छ उच्चारलं, मनातल्या मनात पुष्कळ वेळा म्हटलेलं असावं तसं. कोण मेलं, का मेलं, कुणी जाळलं, सगळं बोलला. म्हणाला, त्या वर्षी मी इथंच उभा होतो, मला हे सगळं माहीत होतं, आणि मी तुमच्याशी आपल्या मोठेपणाच्या गप्पा मारल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मलाही आवरलं नाही, आणि आवरावं असंही वाटलं नाही.

कौसामावशी घरात गेली आणि फडकं सोडत सोडतच बाहेर आली. दिनकरदादानं मान वाकवली. पण हार बघून तो थबकला.

"एवढासा, आई?"

"उशीर केलास ना," मावशी म्हणाली. "दर वर्षी ओंजळभर फुलं कमी करत आले. अजून थांबला असतास तर नुसता गजरा उरला असता."

तिचे खांदे हलत होते, आणि दिनकरदादा रडता रडता हसत होता. हार इतका आखूड होता, की डोक्यावरून खाली उतरेना. मावशीनं दोन्ही हातांनी तो हळूहळू ताणला, एकही फूल न पाडता कानांवरून खाली घेतला, गळ्यात नीट बसवला आणि म्हणाली, चल, वांगं गार होतंय.